सशांना आलेल्या देवी

भाईंदर पश्चिमेला स्टेशनाबाहेर पडून उत्तनच्या रस्त्याला लागले की मुर्धा, राई, मोर्वा ही गावे मागे पडेपर्यंत मधून मधून मिठागरे आणि खाडीचे पाणी दिसत राहते. तिन्हीसांजेला डास उठतात आणि घरोघरी खिडक्या लागतात. या रस्त्याजवळच्या एका इमारतीत आमच्या ओळखीच्या कुटुंबाने पांढऱ्या सशांची जोडी पाळली होती. एका सकाळी त्यातला एक पिंजऱ्यात मरून पडलेला दिसला. आदल्या संध्याकाळी त्याने पाल्याला तोंड लावले नव्हते, एवढेच सर्वांना आठवत होते. शवविच्छेदन झाले नाही. त्यामुळे तो कशाने गेला हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि आम्हीही तर्क करणार नाही. पण घरातल्या सहावीतल्या मुलीने आम्हाला विचारले, "लस दिली असती तर वाचला असता का?"

प्रश्न साधा होता. उत्तर शोधताना मात्र आम्ही माँटेव्हिडिओ, मेलबर्न, पॅरिस असे फिरून आलो. सशांचे विषाणुरोग हा विषय वैद्यकाच्या इतिहासात मोठा विलक्षण आहे. एरवी रोगाचा इतिहास म्हणजे त्याला आवरण्याचा इतिहास. इथे मात्र माणसांनी रोग हाती धरून मुद्दाम पसरवला, आणि त्याच वेळी दुसरी माणसे आपापल्या घरचे ससे त्याच रोगापासून वाचवू पाहत होती.

आधी एक खुलासा. मराठीत 'ससा' हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या प्राण्यांना वापरतो. आपल्या माळरानात, गवताळ टेकड्यांवर आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही राहणारा तपकिरी, काळ्या मानेचा ससा हा रानससा. तो बीळ खणत नाही. त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ असतात आणि त्यांचे डोळे उघडे असतात. पंचतंत्रात सिंहाला विहिरीत पाडणारा ससा हाच, आणि चंद्राला शशांक म्हणतो तेव्हा त्यावर बसलेला 'शश'ही हाच. पिंजऱ्यातला पांढरा ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. तो बिळात राहतो, त्याची पिल्ले उघडी आणि आंधळी जन्मतात. त्याची गुणसूत्रे ४४, रानसशाची ४८. दोघांचा संकर होत नाही. यापुढे नुसते 'ससा' म्हटले की हा युरोपीय, पाळीव ससा समजावा.

१८९६ साली जुझेप्पे सानारेल्ली हे इटालियन जीवाणुशास्त्रज्ञ उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ येथे काम करत होते. प्रयोगांसाठी युरोपातून आणलेले त्यांचे ससे एकाएकी आजारी पडू लागले. पापण्या सुजून डोळे मिटले, त्यांतून पू वाहू लागला, डोक्यावर आणि जननेंद्रियांभोवती मऊ गाठी आल्या आणि दीड-दोन आठवड्यांत बहुतेक सारे ससे मेले. सूक्ष्मदर्शकात जंतू काही सापडेना. १८९८ साली सानारेल्लींनी या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि सूक्ष्मदर्शकाला न दिसणारे काहीतरी त्याच्या मुळाशी असावे असे सुचवले. त्याच वर्षी जर्मनीत लोफ्लर आणि फ्रॉश यांनी गुरांच्या लाळ-खुरकताचा कारक गाळणीतून पार जातो हे दाखवले होते. विषाणुविज्ञान अजून जन्माला येत होते, आणि या सशांच्या रोगाचे नाव त्याच्या पहिल्या पानांवर आहे. रोगाला मिक्सोमॅटोसिस म्हणतात. त्याचा विषाणू देवीच्या विषाणूच्या कुळातला आहे. सशांच्या देवी म्हटले तर फारसे चुकणार नाही, मात्र माणसाला या विषाणूची बाधा होत नाही.

तो आला कुठून हे कळायला बराच काळ गेला. ब्राझीलमधले शास्त्रज्ञ आराग्वाँव यांनी १९४०च्या दशकात दाखवले की दक्षिण अमेरिकेतल्या तापेती नावाच्या रानसशात हा विषाणू पूर्वीपासून असतो. तापेतीच्या कातडीवर त्यामुळे एखादी साधी गाठ येते, बाकी काही होत नाही. डास त्या गाठीला चावतो आणि विषाणू पुढे नेतो. युरोपीय सशाच्या पूर्वजांची या विषाणूशी कधी गाठ पडलेली नव्हती, म्हणून पहिल्याच भेटीत तो मरत होता. इथे डासाचे काम समजून घेण्यासारखे आहे. मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात वाढतो. मिक्सोमॅटोसिसचा विषाणू डासात वाढत नाही, तो नुसता सोंडेला चिकटतो. डास इथे न उकळलेल्या सुईसारखा असतो.

आता ऑस्ट्रेलिया. १८५९च्या नाताळात टॉमस ऑस्टिन या इंग्रज जमीनदाराकडे व्हिक्टोरिया प्रांतातल्या बारवन पार्क येथे इंग्लंडहून २४ ससे आले. शिकारीची हौस, दुसरे काही नाही. जीवनसत्रातला शत्रू नाही, चारा मुबलक. पन्नासएक वर्षांत ससे खंडभर पसरले, कुरणे बोडकी झाली. १८८७ साली न्यू साउथ वेल्सच्या सरकारने सशांवर जैविक उपाय सुचवणाऱ्यास २५,००० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. स्वतः पाश्चरांनी आपला भाचा आद्रियें ल्वार याला कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे जंतू घेऊन सिडनीला पाठवले. बंदरातल्या रॉड बेटावर प्रयोग झाले, पण हे जंतू मोकळे सोडायला परवानगी मिळाली नाही, आणि बक्षीस कोणालाच गेले नाही.

मिक्सोमॅटोसिसचा आग्रह पुढे एका बाईंनी धरला. डॉ. जीन मॅक्नमारा या मेलबर्नच्या, पोलिओ झालेल्या मुलांच्या डॉक्टर. मॅकफार्लेन बर्नेट यांच्याबरोबर १९३१ साली पोलिओच्या विषाणूचे एकाहून अधिक प्रकार असतात हे दाखवणाऱ्या त्याच. अमेरिकेत रिचर्ड शोप यांच्या प्रयोगशाळेत त्यांना या सशांच्या रोगाची माहिती मिळाली आणि परतल्यावर त्यांनी सरकारचा पिच्छा पुरवला. आयुष्यभर एका विषाणूने अधू केलेल्या मुलांच्या पायांना आधार देणारी ही डॉक्टर दुसरा विषाणू रानात सोडा म्हणून भांडत होती. यात विसंगती दिसते खरी. पण उजाड कुरणे आणि कर्जात बुडालेले शेतकरी त्यांनी पाहिले होते.

१९३७-३८ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वॉर्डांग बेटावर चाचण्या झाल्या. कोरड्या हवेत रोग पसरेना आणि प्रकरण बासनात गेले. १९५० साली मरे नदीच्या खोऱ्यात पुन्हा प्रयोग झाले. तेही फसले असे वाटत असतानाच डिसेंबरात, पावसानंतर डासांची पैदास झाली, आणि रोग नदीनाल्यांच्या काठाकाठाने शेकडो मैल धावला. पहिल्या उद्रेकांत रोग झालेल्या सशांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक मेले.

नेमके त्याच उन्हाळ्यात त्याच खोऱ्यात माणसांमध्ये मेंदूज्वराची साथ आली. लोक म्हणाले, हा सशांचाच रोग. शंका अगदीच अडाणी नव्हती. दोन्ही डासांमुळे पसरणारे, दोन्ही एकाच जागी, एकाच वेळी. प्रत्यक्षात तो आपल्याकडच्या जपानी मेंदूज्वराच्या जवळचा, वेगळाच विषाणू होता. पण शब्दांनी लोकांचे समाधान होणार नव्हते. तेव्हा बर्नेट, तरुण विषाणुशास्त्रज्ञ फ्रँक फेनर आणि सरकारी विज्ञानसंस्थेचे प्रमुख इयन क्लुनीज रॉस या तिघांनी सशाला ठार मारणारा विषाणू स्वतःला टोचून घेतला. तिघांनाही काही झाले नाही. १९५१च्या मार्चमध्ये ही गोष्ट संसदेत सांगण्यात आली. स्वतःवर प्रयोग करणे आज कोणती नीतिसमिती मान्य करील असे नाही, आणि तीन माणसांवरून निष्कर्ष काढणेही संख्याशास्त्राला धरून नाही. तरी लोकांची भीती ओसरली.

फेनर यांचे खरे काम यानंतरचे. रानातून वेळोवेळी विषाणूचे नमुने गोळा करून ते प्रयोगशाळेतल्या सशांना टोचायचे आणि किती मरतात, किती दिवसांत मरतात ते मोजायचे, असा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे ठेवला. दोन-तीन वर्षांतच दिसले की मूळचा अतिजहाल विषाणू मागे पडला असून ७० ते ९५ टक्के ससे मारणारा, मधल्या तीव्रतेचा विषाणू सगळीकडे दिसतो आहे. कारण सोपे आहे. ससा लवकर मेला तर डासाला गाठी चावायला मिळत नाहीत. ससा तीन आठवडे गाठी घेऊन जगला तर विषाणूचा प्रसार होतो. फारच सौम्य विषाणूही टिकत नाही, कारण त्याच्या गाठी लवकर बऱ्या होतात. दुसरीकडे ससेही बदलत होते. युराना सरोवराजवळच्या रानटी सशांची पिल्ले प्रयोगशाळेत वाढवून त्यांना दरवेळी त्याच एका नमुन्याची लागण केली. सुरुवातीला ९० टक्क्यांच्या आसपास मरत. सात वर्षांत हे प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास आले. नैसर्गिक निवड शिकवताना आपण मिरी पतंगाचे उदाहरण हमखास देतो. हे त्याहून बोलके आहे, कारण इथे दोन्ही बाजू एकाच वेळी बदलताना मोजल्या गेल्या.

पण यावरून 'विषाणू काळानुसार सौम्यच होतो' असा नियम काढू नये. करोनाच्या काळात तो पुष्कळांनी ऐकवला. ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकात गोळा केलेल्या विषाणूंची पुढे कसून तपासणी झाली, तेव्हा त्यांतले काही सशाची प्रतिकारयंत्रणाच कोलमडवून टाकतात असे आढळले. ससे चिवट झाले, तसा विषाणू पुन्हा जहाल झाला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुन्या, संग्रहालयांत ठेवलेल्या सशांची आणि आजच्या सशांची जनुके ताडून पाहिली. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि फ्रान्स या तिन्ही देशांतल्या सशांमध्ये तेच ते जनुकीय बदल वाढलेले दिसले. त्या जुन्या नमुन्यांत एक ससा खुद्द डार्विनच्या संग्रहातला होता.

फ्रान्सची हकीकत निराळी आहे. पॉल-फेलिक्स आर्मां-दलील हे निवृत्त डॉक्टर. माय्बोआ येथील त्यांच्या कुंपणबंद जमिनीत ससे फार झाले होते. जून १९५२ मध्ये त्यांनी लोझानच्या प्रयोगशाळेतून विषाणू मिळवला आणि दोन सशांना टोचून सोडून दिले. भिंत होती, त्यामुळे रोग बाहेर जाणार नाही असा त्यांचा हिशेब. दोन वर्षांत फ्रान्समधले बहुतेक रानटी ससे मेले, आणि शेजारच्या देशांतही तीच कथा झाली. शिकारी संघटनांनी त्यांना कोर्टात खेचले, १९५५ साली ५,००० फ्रँक दंड झाला. पुढच्याच वर्षी वनखात्याच्या एका माजी प्रमुखाच्या हस्ते त्यांना सुवर्णपदक मिळाले. पदकाच्या एका बाजूला डॉक्टरांचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला मेलेला ससा.

फ्रान्समध्ये शिकाऱ्यांइतकेच घरोघरी ससे पाळणारेही हवालदिल झाले होते. १९५३ साली रोग इंग्लंडात केंट परगण्यात पोचला. तिथे काही शेतकऱ्यांनी आजारी ससे पोत्यात घालून आपल्या शेतात नेऊन सोडले. आंधळे, सुजलेल्या तोंडाचे ससे रस्त्यावर लोळताना पाहून लोक कळवळले, आणि १९५४च्या कायद्याने रोग मुद्दाम पसरवणे गुन्हा ठरले. इंग्लंडात वाहक डास नव्हता, सशाच्या अंगावरची पिसू होती. या पिसवेचे प्रजनन सशाच्या मादीच्या गर्भारपणातल्या संप्रेरकांवर चालते, हे मिरियम रॉथचाइल्ड यांनी १९६०च्या दशकात दाखवले. मादी विणार असेल तेव्हाच पिसू अंडी धरते, म्हणजे पिसवेच्या पिल्लांना सशाची पिल्ले तयार मिळतात. विषय सोडून जातो आहोत, पण हे सांगितल्याशिवाय राहवले नाही.

घरचा ससा वाचवायचा कसा? पहिला उपाय देवीच्या इतिहासातूनच आला. जेन्नरने गाईच्या देवीचा विषाणू टोचून माणसाच्या देवीपासून संरक्षण दिले, तसे अमेरिकेतल्या कापूसशेपटी सशांमध्ये शोप यांना १९३२ साली सापडलेल्या सौम्य गाठीच्या विषाणूने पाळीव ससे वाचवता येतात असे दिसले. १९५०च्या दशकात ही लस इंग्लंडात वापरली गेली. (फेनर पुढे देवी-निर्मूलनाच्या जागतिक प्रमाणन आयोगाचे अध्यक्ष झाले आणि देवी संपल्याची घोषणा १९८० साली त्यांनीच केली.)

रोग जडल्यावर औषध नाही, ते तेव्हाही नव्हते आणि आजही नाही. शुश्रूषा मात्र आहे. डोळे कोमट पाण्याने वारंवार पुसणे, भिजवलेले खाद्य पिचकारीने भरवणे, पाणी पाजणे, आणि ऊब. ऑस्ट्रेलियात १९५०च्या दशकात उबदार आणि थंड खोल्यांत आजारी ससे ठेवून प्रयोग झाले. उबेत ठेवलेल्या सशांचा आजार सौम्य राहिला, थंडीत तो बळावला. शरीर तापले की या विषाणूची वाढ मंदावते. अर्थात मे महिन्यातल्या आपल्या घरात हा प्रयोग करू नये, कारण सशाला घाम येत नाही, तो कानांतून उष्णता बाहेर टाकतो आणि पारा तिशीच्या वर गेला की उष्माघाताने दगावू शकतो. लस घेतलेल्या सशाला सौम्य रोग झाला तर महिनाभराच्या सेवेने तो बहुधा उठतो. लस न घेतलेला, आंधळा होऊन घुसमटणारा ससा असेल तर पशुवैद्य बहुधा त्याला वेदनारहित मरण द्यायचे सुचवतात. घरातल्या मुलांना हे सांगणे सोपे नसते.

दुसरा रोग याहून झटपट. १९८४ साली चीनच्या जिआंग्सू प्रांतात जर्मनीहून आणलेले अंगोरा ससे पटापट मरू लागले. ताप, मग बारा ते छत्तीस तासांत मृत्यू, कधी नाकातून रक्त, आत यकृत नासलेले. पुष्कळदा आदल्या दिवशी न जेवलेला ससा सकाळी मेलेला सापडतो, एवढेच. याला सशांचा रक्तस्रावी रोग म्हणतात. चीनमध्ये लाखोंच्या संख्येने ससे गेले. १९८६ साली तो इटलीत, १९८८ साली मेक्सिकोत पोचला. मेक्सिकोने मात्र काही वर्षांत तो समूळ काढून टाकला. ऑस्ट्रेलियाने हा विषाणूही मागवला. चाचणीसाठी बेट निवडले ते वॉर्डांगच. १९९५च्या ऑक्टोबरात, निर्णय व्हायच्या आत, तो मुख्य भूमीवर निसटला. माश्यांनी नेला असावा असे मानतात.

या रोगात शुश्रूषेला वेळच मिळत नाही, म्हणून लस हाच आधार. पण हा विषाणू प्रयोगशाळेतल्या पेशींवर वाढेना. लस करायची तर सशांना रोग देऊन, मारून, त्यांच्या यकृतातून विषाणू काढून तो निष्क्रिय करावा लागे. ससे वाचवायला ससे मारायचे. यातून सुटका झाली ती मिक्सोमॅटोसिसच्या विषाणूमुळेच. त्याला दुबळा करून त्यात रक्तस्रावी रोगाच्या विषाणूचे एक जनुक बसवले, आणि २०११ नंतर युरोपात एकाच लशीने दोन्ही रोगांपासून संरक्षण मिळू लागले. मात्र २०१० साली फ्रान्समध्ये रक्तस्रावी रोगाचा दुसरा प्रकार आढळला होता, त्याला वेगळी तजवीज करावी लागली.

ऑस्ट्रेलियातल्या मुलांना मात्र आपल्या सशाला मिक्सोमॅटोसिसची लस देता येत नाही. तिथे तिला परवानगी नाही. लशीतला जिवंत विषाणू रानात गेला तर रानटी सशांना प्रतिकारशक्ती मिळेल ही भीती. तिथले लोक पिंजऱ्यावर मच्छरदाणी घालतात आणि संध्याकाळी ससा घरात घेतात. (क्वीन्सलँडमध्ये तर पाळीव ससाच बेकायदा आहे, परवाना घेतलेल्या जादूगारांना सूट.) उलट स्पेनमध्ये ससा मूळचा आहे, लिंक्स मांजर आणि गरुड त्यावर जगतात. म्हणून तिथल्या शास्त्रज्ञांनी १९९९ साली मिनोर्काजवळच्या एका लहान बेटावर सशाकडून सशाकडे आपोआप पसरणाऱ्या लशीचा प्रयोग केला. प्राणी तोच आणि विषाणूही तोच, पण एका देशात रोग पसरवायचा आणि दुसऱ्यात लस.

मिक्सोमॅटोसिसने भारतात मूळ धरलेले नाही. तरी आपल्याकडे काळजीचे एक कारण आहे. रक्तस्रावी रोगाचा नवा प्रकार युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या अनेक जातींच्या रानसशांनाही मारतो. २०१८ साली स्पेनमध्ये मिक्सोमॅटोसिसच्या विषाणूने नवी जनुके मिळवून तिथल्या रानसशात उडी घेतली, त्याआधी असे मोठे उद्रेक रानसशात झाले नव्हते. कंटाळा आला म्हणून पाळीव ससा उत्तन-डोंगरीच्या गवतात किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला सोडणारी माणसे आहेत. त्यांना वाटते आपण त्याला स्वातंत्र्य दिले. कुत्र्यामांजरांच्या तावडीतून तो वाचलाच, तरी आपल्या काळ्या मानेच्या सशाला तो काय देऊन जाईल याची खात्री देता येत नाही.

आम्ही त्या मुलीला सांगितले, "लशीने वाचला असता की नाही, माहीत नाही. तो कशाने गेला हेच माहीत नाही." मग उरलेल्या सशासाठी काय करता येईल याची यादी तिनेच केली. ससा अर्धा दिवस खात नसेल तर त्याच रात्री पशुवैद्याकडे न्यायचा, सकाळची वाट बघायची नाही. सशाचे आतडे एकदा थांबले की परत चालू करणे कठीण असते. घरातले उरलेले अमॉक्सिसिलिन द्यायचे नाही. तोंडावाटे दिलेली पेनिसिलिन जातीची औषधे सशाच्या पोटातले उपयोगी जिवाणू मारतात आणि ससा त्यानेच दगावतो. रिकामा पिंजरा नुसत्या साबणाने धुऊन चालणार नाही. करोनाच्या विषाणूला मेदाचे आवरण होते, ते साबणाने फुटे. रक्तस्रावी रोगाच्या विषाणूला आवरणच नाही आणि तो महिनोन्महिने टिकतो, म्हणून ब्लीचचे पाणी. तिच्या आईने ते एका भागाला नऊ भाग पाणी असे केले, दहा मिनिटे ठेवले आणि पिंजरा दोन दिवस उन्हात वाळवला.

पिंजऱ्याला आता बारीक जाळी आहे. ती मुख्यतः भाईंदरच्या डासांनी ससा हैराण होऊ नये म्हणून. ससा आजार लपवतो, वजन लपवू शकत नाही, हे कळल्यापासून मुलगी दर रविवारी त्याला टोपलीत बसवून वाण्याकडून आणलेल्या जुन्या काट्यावर तोलते आणि वहीत मांडते. मागच्या रविवारी टोपली वजा जाता १ किलो ८५० ग्रॅम भरले. आदल्या आठवड्यापेक्षा २० ग्रॅम कमी. तिने त्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे आणि या वेळी बुधवारीच पुन्हा तोलणार आहे.